रविवारी ट्रेकला नाही, नदीवर जाते

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत, पुण्यात राहतात, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात. माहेर नीरेकाठचं. लहानपणी वडिलांनी गळ टाकायला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा त्यांची बांबूची काठी त्या पुण्याला घेऊन आल्या आणि इथल्या एका हौशी गळवाल्यांच्या क्लबात जायला लागल्या. दर रविवारी पहाटे नदीवर. सासूबाई माळकरी आहेत, घरात मासा शिजत नाही, म्हणून घरी 'ट्रेकिंग ग्रुप' असं सांगितलंय, खरं फक्त नवऱ्याला माहितीये. आता जानेवारीत क्लबची थंडीतली मॅच आहे. पुण्यापासून तासाभरावरच्या बंधाऱ्यावर, सकाळी ७ ते १२, जागा चिठ्ठ्या टाकून, पकडलेले मासे पाण्यातल्या जाळीत ठेवायचे आणि शेवटी वजन करून परत सोडायचे. चौघांच्या एका टीममधला एक जण आजारी पडला म्हणून त्यांचं नाव घातलंय. गेल्या थंडीत क्लबच्याच छोट्या सामन्यात त्यांना पाच तासांत एकही मासा लागला नव्हता. त्या विचारतात, "माझ्यामुळे टीम हरेल का? ग्रुपवर फोटो फिरले तर सासूबाईंना काय वाटेल? आणि बाबांनी आयुष्यात कधी माशाचं वजन केलं नाही, कपसाठी गळ टाकणं त्यांना आवडलं असतं का? खेळू की नको, एका वाक्यात सांगा."

ताई,

एका वाक्यात सांगा म्हणालात पण पत्र चार पानी आहे आणि त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

वाचताना एक गोष्ट दिसली ती आधी सांगतो. टीम हरेल का यावर तुम्ही दीड पान लिहिलंय, बाबांवर जवळजवळ दोन पानं, आणि सासूबाईंवर पाच ओळी. त्या पाच ओळींत 'ट्रेकिंग ग्रुप' तीनदा आलंय. मला तिथेच थांबावंसं वाटलं. रविवारी पहाटे तुम्ही एकट्या काठावर बसता तेव्हा बघायला कोणी नसतं. मॅच म्हटली की नंबर, टी-शर्ट, फोटो, ग्रुपवर रिझल्ट, कोणाच्या तरी मेव्हण्याने फॉरवर्ड केलेला व्हिडिओ, हे सगळं आलंच. मासा नाही लागला तरी ते येणार आणि लागला तर जास्तच येणार. हरले तर काय हे तुम्ही लिहिलंय, पण जिंकलात तर काय करणार हे कुठेच नाही. कप कुठे ठेवाल, गाडीच्या डिकीत?

म्हणून माझं म्हणणं असं की खेळायचं की नाही हे नंतर ठरवा, आधी घरी सांगा. मॅचला अजून पाच आठवडे आहेत, तेवढे पुरतात. आणि हे मॅचला जाण्यासाठी परवानगी काढायची म्हणून सांगू नका, सांगायचंच आहे म्हणून सांगा, नंतर मॅचला नाही गेलात तरी चालेल.

आता सासूबाई. माळ घातली की मासा-मटण सुटतं हे सगळ्यांना माहितीये, पण त्यांच्या मनात नेमकं काय दुखेल हे तुम्ही गृहीत धरलंय, विचारलेलं नाही. कदाचित त्यांना जीव छळणं टोचेल. कदाचित घरात गांडुळांचा डबा येतो हे टोचेल (तो डबा तुम्ही कुठे ठेवता हे पत्रात नाही, फ्रीजमध्ये ठेवत असाल तर आजच हलवा, मी मनापासून सांगतोय). आणि कदाचित यातलं काहीच फारसं टोचणार नाही पण दोन वर्षं दर रविवारी सुनेने आपल्याला खोटं सांगितलं आणि मुलाला सगळं माहिती होतं, हे मात्र नक्की लागेल. ते शेवटचं दुखणं दर रविवारी थोडं थोडं वाढतंय. ते फोटोतून कळलं तर फार वाईट कळेल, तुमच्या तोंडून कळलं तर निदान समोरासमोर रागावता तरी येईल त्यांना. तो हक्क त्यांना द्यायला हवा.

नवऱ्याला मध्ये घालू नका. तो शेजारी बसलेला असावा, पण बोलायचं तुम्ही. एकादशीच्या दिवशी नको, पाहुणे असताना नको, दुपारची झोप झाल्यावर भाजी निवडताना वगैरे बरं पडतं, हात कामात असले की माणूस नजर न चोरता बोलू शकतो. आणि सुरुवात "आम्ही मासा परत सोडतो हो" इथून करू नका, तो बचाव झाला. सुरुवात बाबांपासून करा. मला जे लिहिलंत तेच सांगा, की बाबा गेल्यावर त्यांची काठी हातात घेतली आणि पहिल्यांदा रडू आलं ते नदीवर, आणि मग दर रविवारी जावंसंच वाटायला लागलं, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ट्रेक सांगत राहिले, ते चुकलं. इथे थांबा. पुढचं त्यांना बोलू दे.

त्या म्हणतील की मुक्या जीवाला का छळता. हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला उत्तर द्यायच्या आधी आपण स्वतः नीट ऐकला पाहिजे, मी गेली तीसेक वर्षं गळ टाकतो, मी पण. सासूबाई भजनाला जात असतील तर पाण्याबाहेरच्या मासोळीची तळमळ त्यांनी कितीदा गायली असेल, त्यांच्यासाठी ते चित्र डोळ्यासमोर आहे. आपले गळवाले सांगतात की माशाला दुखत नाही, थंड रक्ताचा प्राणी आहे. ताई, हे असं छातीठोक सांगू नका कुणाला. २००३ साली ब्रिटनमध्ये ट्राउट माशावर जे संशोधन प्रसिद्ध झालं त्यात ओठांच्या आसपास इजा टिपणाऱ्या नसा स्पष्ट सापडल्या. माशाला आपल्यासारखं दुःख 'जाणवतं' का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, पण काहीच होत नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००९ पासून निव्वळ सोडून द्यायचं म्हणून मासा पकडायलाच मनाई आहे, त्यांचं म्हणणं खायचा असेल तर पकडा, नाहीतर त्याला कशाला त्रास. म्हणजे तुमच्या सासूबाईंचा मुद्दा काही माळकरी बाईचा हळवेपणा नाहीये, जगात कायदे करणारी माणसं तोच मुद्दा घेऊन बसलीत.

मग मी अजून गळ का टाकतो? माझं उत्तर सांगतो, ते तुमचं असेलच असं नाही. जो माणूस वर्षानुवर्षं एका डोहावर बसतो त्याला तो डोह कळतो. पाण्याचा रंग बदलला, वास आला, जलपर्णी कुठवर आली, वरून कोणी काय सोडलं, कोणते मासे दिसेनासे झाले, हे सगळ्यात आधी भोयांना कळतं आणि त्यानंतर आम्हा गळवाल्यांना. खडशी मासा घ्या, आपला दख्खनचा महासीर. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ते आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'खुद्री' हा आपल्याकडचाच शब्द आहे. आज बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून खाली बघा आणि सांगा, तिथे खडशी होती यावर विश्वास बसतो का. आणि जिथे तो मासा टिकलाय तिथे बऱ्याचदा देवाच्या नावाने टिकलाय, महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून कोणी हात लावत नाही, देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे पण भाविकांनीच राखले. म्हणजे माशावर माया करण्यात सासूबाई तुमच्या पुढेच आहेत, मागे नाहीत. हे त्यांना सांगायला हरकत नाही, पण वाद जिंकायला म्हणून सांगू नका, खरंच वाटत असेल तर सांगा. जमलं तर एखाद्या रविवारी त्यांना गाडीत घालून बंधाऱ्यावर न्या, गळ न नेता, नुसतं बसायला.

आणि त्या नाहीच म्हणाल्या तर? तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घर त्यांचंही आहे, तिथे त्यांचं ऐकायचं. आमिष घरात नाही, जाळी-रॉड पार्किंगमधल्या कपाटात किंवा क्लबच्या कोणाकडे, नदीवरून आलं की अंघोळ करूनच देवघराकडे, एकादशीला गळ नाही (मॅच एकादशीला येतीये का तेही कॅलेंडरवर बघून घ्या, पौषात दोन येतात). पण रविवारची पहाट तुमची आहे, ४३ वर्षांच्या बाईने ती कोणाला विचारून घ्यायची गरज नाही. तुम्हाला पटत नाही पण मी जाणार आहे, आणि तुमच्यापासून लपवणार नाही, एवढं वाक्य प्रेमाने म्हणता येतं. सहा महिने अबोला राहील, राहू दे.

बाबांचं काय. तुम्ही लिहिलंय की बाबांनी कधी वजन केलं नाही, कधी कोणाशी स्पर्धा केली नाही. आणि त्याच पानावर खाली लिहिलंय की घरी आल्यावर ते कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून दाखवायचे, "एवढा होता, सुटला." मला तर तो सामनाच वाटतो, फक्त वजनकाटा नव्हता आणि सुटलेला मासा दर वर्षी वाढत होता. त्यांना आवडलं असतं की नसतं हे आता कोणीच सांगू शकत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या नावावर आपली भीती टाकणं सोपं असतं, आपल्या सगळ्यांचंच होतं तसं. तुम्हाला स्वतःला आवडेल का, एवढाच प्रश्न उरतो. गर्दीत, शिट्टीवर, घड्याळ लावून बसणं काहींना खरंच नाही मानवत, नदीचा सगळा आनंद जातो त्यात, आणि तसं असेल तर सरळ नाही म्हणा, टीमला आजच कळवा म्हणजे त्यांना दुसरा माणूस शोधता येईल. त्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, "चिठ्ठीत कुठली जागा येईल याचा विचार करता करता रात्री झोप लागत नाही." ताई, ज्याला खेळायचं नसतं त्याची झोप जागेच्या चिठ्ठीवरून उडत नाही.

म्हणून आता मॅचबद्दल, कारण माझा अंदाज तुम्ही खेळणार.

गेल्या वर्षी पाच तासांत काही लागलं नाही म्हणून तुम्ही स्वतःला कच्चं ठरवलंय. थंडीत नदीवर रिकाम्या हाताने उठणं फार कॉमन आहे. मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं गार तेवढा तो गार, पोटातलं पचायलाच त्याला वेळ लागतो, मग तो खाणार कशाला. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो. पाणी हवेइतकं गार होत नाही, पण रोहू-मृगळ-कटला यांना सुस्त करायला तेवढं पुरतं, चिलापी तर मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडे १९५२ मध्ये आणलेली, ती थंडीला आणखी लवकर कंटाळते. इंग्लंडमध्ये या मॅचेस फार जुन्या, तिकडे नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळाला बंदी असते, त्यामुळे हिवाळा हा त्यांचा ऐन सीझनचा भाग, आणि तिकडे पाणी आपल्यापेक्षा कितीतरी गार. तिथे मुरलेली माणसं पण थंडीत कधीकधी एकाही माशाशिवाय घरी जातात. त्यांची सगळी विद्या एकाच गोष्टीत आहे, सगळं कमी करायचं. दोरा बारीक, हुक बारीक, आमिष एवढंसं, आणि मासा जवळ यावा म्हणून पाण्यात टाकायचा चारा तर मोजून.

गेल्या वर्षी तुम्ही सुरुवातीलाच पेंडीचे मोठे गोळे टाकले असं लिहिलंय. माझ्या मते तिथेच मॅच गेली. उन्हाळ्यात ते चालतं, थंडीत अर्धी भूक असलेला मासा त्या गोळ्यावरच पोट भरतो आणि तुमच्या हुकाकडे बघत पण नाही. या वेळी पेंड आणि पावाचा चुरा बारीक चाळून, सुपारीएवढी गोळी, दर १५-२० मिनिटांनी एक, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी. फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगणारा तुकडा) लावायच्या आधी हुकाला शिशाचा तुकडा अडकवून खोली मोजा, पाच मिनिटं जातात पण थंडीत मासा बहुतेक तळाशी असतो आणि तुमचं आमिष तळाला टेकलंय की वीतभर वर लोंबतंय यावर सगळं ठरतं. गांडुळाचा पूर्ण वेटोळा नको, पाऊण इंचाचा तुकडा पुरे, नाहीतर वाटाण्याहून लहान कणकेची गोळी. आणि फ्लोट बुडायची वाट बघू नका. थंडीतला मासा ओढत नाही, फ्लोट नुसता थरथरतो, कधी बोटभर वर येतो, तेव्हाच हलका झटका द्यायचा.

पहिले दोन तास काही होणार नाही हे मनाशी धरून बसा. ७ वाजता धुकं असतं, पाणी सगळ्यात गार तेव्हाच असतं, ऊन काठावर आलं आणि पाणी जरासं ऊबलं की साडेनऊ-दहाच्या पुढे हालचाल सुरू होते. शेजारच्या नंबरवाल्याला मासा लागला की आपण जागा बदलतो, दोरा बदलतो, जास्त चारा टाकतो, घाबरून, आणि सगळं विस्कटतं. हे मी इतक्या जणांचं बघितलंय.

टीमचं म्हणाल तर आयोजकांना एक प्रश्न आजच विचारा, गुण कसे देणार. टीम मॅच दोन प्रकारे मोजतात. एकात चौघांचं वजन एकत्र करतात, त्यात कोणा एकाला मोठा रोहू लागला की विषय संपला. दुसऱ्यात काठाचे चार भाग पाडतात, प्रत्येक भागात प्रत्येक टीमचा एक जण बसतो आणि त्या त्या भागातल्या नंबराप्रमाणे गुण मिळतात. ही दुसरी पद्धत असेल तर मोठ्या माशाच्या मागे लागायचंच नाही. ज्या दिवशी तुमच्या भागातल्या दहापैकी सहा जण रिकामे बसलेत त्या दिवशी ५० ग्रॅमची एक बोटभर चिलापी तुम्हाला त्या सहांच्या वर नेते. म्हणजे आधी काठाजवळ, बारीक हुकावर, मिळेल तो छोटा मासा, आणि एक मासा जाळीत पडला की मग निवांतपणे खोल पाण्याकडे वळा. उरलेल्या तिघांना पण फोन करून हे ठरवून घ्या, एकजण तरी त्यात असा असतो जो पाच तास फक्त राक्षसाची वाट बघतो.

आता त्या जाळीबद्दल. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त काळजी तिची आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही मित्रांनी आपापसात अशीच एक मॅच ठेवली होती, माझी जाळी उथळ पाण्यात उन्हात होती, मी फ्लोटकडे बघत बसलो, दोन तासांनी उचलली तर निम्मे मासे उताणे. वजन चांगलं भरलं माझं. ते मासे मी पाण्यात सोडले ते तसेच पांढरं पोट वर करून वाहत गेले, काठावर माझा मुलगा उभा होता, तो काही बोलला नाही. तेव्हापासून मी उन्हाळ्यात जाळी लावत नाही. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि गार पाण्यात माशाची गरजही कमी असते, म्हणून मॅच घ्यायचीच तर थंडीतली त्यातल्या त्यात बरी. पण जाळी लांब हवी, बिनगाठीची, मऊ, तिचा बराचसा भाग पाण्यात पसरलेला, सावलीत, आणि गाळात लोळणारी नको. हुकाचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, मासा थोडा जास्त सुटेल पण हुक एका सेकंदात निघतो. हात ओले करूनच मासा धरायचा, कोरड्या हाताने किंवा फडक्याने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि मग त्याला रोग लागतो. हुक गिळला असेल तर ओढाताण करू नका, दोरा तोंडापाशी कापा. आणि खडशी लागली तर ती जाळीत जाता कामा नये, पंचाला हाक मारा, जागच्या जागी मोजा आणि सोडा, गुण मिळोत न मिळोत.

खरं तर क्लबने सगळ्यांसाठीच तसं करावं असं माझं म्हणणं आहे. मासा लागला की जवळच्या पंचाने लगेच वजन लिहायचं आणि लगेच सोडायचा, पाच तास जाळीत कशाला. माणसं जास्त लागतात, थोडी धावपळ होते, पण होतं. तुम्ही हा मुद्दा मीटिंगमध्ये मांडा. तुम्ही मांडलात तर त्याला वजन येईल कारण तुम्ही खेळणार आहात, बाहेरून बोलत नाही. आणि सासूबाईंनी मुक्या जीवाचं विचारलं तर त्यांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी केलेलं असेल.

दोन गोष्टी आयोजकांना अजून विचारा, बाकी कोणी अशा मॅचला जात असेल तर त्यांनीही. एक, परवानगी. धरणांचे जलाशय आणि नदीचे बरेच पट्टे मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यात बीज सोडायला त्यांचा पैसा गेलेला असतो, भोई मंडळींची जाळी तिथे लागलेली असतात. शहरातून पन्नास माणसं गाड्या घेऊन काठावर बसली आणि संस्थेला माहितीच नाही, हे बरोबर नाही, भांडणं पण तिथूनच होतात. लेखी परवानगी आहे का विचारा, आणि नसेल तर जाऊ नका. दोन, पाणी. जानेवारीत रब्बीची आवर्तनं, म्हणजे पिकांसाठी पाणी सोडायच्या पाळ्या, चालू असतात, वरून धरणातून पाणी सुटलं किंवा बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढले की तासाभरात काठ बदलतो, तुमची कोरडी शिळा घोट्याभर पाण्यात जाते. त्या दिवशी पाणी सुटणार आहे का हे पाटबंधारेच्या माणसाला आधी विचारलेलं बरं. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट, शेवाळलेल्या दगडांवर उभं राहायचं नाही, आणि बंधाऱ्याच्या भिंतीवरून चालायचं तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण मी विचारतो, पाच तास तिथे बाईमाणसासाठी टॉयलेटची सोय काय? पन्नास पुरुषांच्या क्लबात हे कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि बायका मग सकाळपासून पाणी न पिता बसतात. जवळच्या शेतातल्या घरी आधी बोलून ठेवा किंवा क्लबला सांगून फिरतं टॉयलेट मागवा, संकोच करू नका, पुढच्या वर्षी दुसरी एखादी येईल तिचंही काम होईल. बाकी कानटोपी, दोन पायमोजे, थर्मास, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

शहरातल्या मुठेत किंवा मुळेत सराव करू का असंही विचारलंय तुम्ही. खडकवासल्याच्या खाली शहरातून जाणाऱ्या पट्ट्यात सांडपाणी आहे, तिथे हात घालून बसू नका. सरावाला ज्या बंधाऱ्यावर मॅच आहे तिथेच दोन रविवार जा, मॅचच्याच वेळेला, सात ते बारा, आणि किती वाजता काय लागलं ते वहीत लिहा. अकाउंट्सवाल्या आहात, तुमची वही बाकीच्यांपेक्षा चांगली असेल.

राहिली बाबांची काठी. तुम्ही गृहीत धरलंय की मॅचला रीळवाला महाग रॉडच लागतो. तसं काही नाही, युरोपातले मॅच खेळणारे आजही बऱ्याचदा बिनरिळाची लांब काठी वापरतात, टोकाला दोरा बांधलेली, बारीक मासा भराभर काढायला तिच्यासारखं काही नाही. कार्बनची असते आणि लाखाच्या घरात जाते एवढाच फरक. नियमात काठीची लांबी किती चालते तेवढं विचारून घ्या. पण न्यायची असेल तर आधी तपासा, बांबू दोन वर्षं फ्लॅटमध्ये राहिलाय, थंडीत कोरडा पडून गाठीपाशी चिरतो. उन्हात धरून प्रत्येक पेर बोटाने चाचपा, चीर नसेल तर जवसाचं तेल फडक्याने लावून चार दिवस सावलीत आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको, वाकते. टोकाचा जुना दोरा बाबांनी बांधलेला असेल तर तो कापू नका, सोडवून डबीत ठेवा आणि नवा बांधा, जुना तंगूस (नायलॉनचा दोरा) जानेवारीच्या माशाला टिकणार नाही.